एका खणाची चोळी

मु. अंबड,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शके १८५९

प्रिय अरू,

आधी हातातलं काम खाली ठेव. चुलीवर दूध असेल तर उतरव, आणि सासूबाई जवळपास असतील तर हे पत्र घेऊन आतल्या खोलीत जा, कारण यात लिहिलंय ते मोठ्याने वाचण्यासारखं नाही. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही. उलट मी इतकी आनंदात आहे की सकाळी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि वरून बोलणी खाल्ली तीसुद्धा हसत हसत. अगं, मी हैदराबादला येते आहे! दसरा झाला की लगेच, आगगाडीने! मी, जिने आजवर जालन्याचं स्टेशन फक्त बाहेरून पाहिलंय. आणि कशासाठी येते आहे ते कळलं की तू आधी तोंडावर हात ठेवशील, मग हसशील, आणि मग, मी तुला ओळखून आहे, डोळे पुसत बसशील. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुझे वडील म्हणायचे ना, चतुरा, तुझं बोलणं म्हणजे दावं तोडलेलं वासरू. आज बांधून ठेवलंय बघ.

तर ऐक. मी ऑपरेशन करून घेणार आहे, छातीचं. रोगबिग काही नाही. माझी छाती जड आहे, हे तुला सांगायला नको. पण ती किती जड आहे आणि तिने मला किती छळलंय, ते मी तुला कधीच सांगितलेलं नाही. इतकी वर्षं तुला लिहितेय, त्यात पाठ दुखते यापलीकडे एक अक्षर नाही. तूही विचारलं नाहीस. कसं विचारणार? आपण दोघी पोटातलं सगळं एकमेकींना सांगणाऱ्या, पण पोटाच्या वर जरा काही असलं की गप्प. तर हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात एक सर्जन आहे, तो अशी छाती कापून, पुन्हा नीट शिवून, हलकी करून देतो. असं काही जगात असतं, हे मलाच वैशाखापर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, उंची असते, रंग असतो, तसं हे. मिळालं ते मिळालं, मसणात जाईपर्यंत वागवायचं.

तुला केदारखेड्याची मी आठवते ना? मला तर ती पोरगी अधूनमधून स्वप्नात दिसते. सरकारी शाळेत सगळं उर्दूत, म्हणून गावाने मास्तरांना, तुझ्या वडिलांना, मारुतीच्या देवळात मराठी शिकवायला बसवलं. लेक घरी एकटी काय करील म्हणून त्यांनी तुला बसवलं, आणि तू पोरांमध्ये एकटी रडशील म्हणून मला. आमच्या बापाला वाटलं, पोरगी चार दिवसांत कंटाळून घरी येईल. मी कसली येते! पण खरं सांगू? मी काही अक्षरांसाठी शाळेत येत नव्हते. शाळा सुटते ना, त्यासाठी येत होते. सुटली की देवळाच्या पायरीपासून नदीकाठच्या चिंचेपर्यंत आपली शर्यत. तू कधी जिंकली नाहीस. एकदाच जिंकलीस, अगदी शेवटच्या खेपेला, आणि तेही माझ्या पायात काटा मोडला म्हणून. अजून भेटलीस की तेच सांगतेस, चतुराला काटा लागला नसता तर मी जन्मात जिंकले नसते. मी तेव्हा बारा वर्षांची. त्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि मग पळायचं काही कारणच उरलं नाही. आमची आई म्हणायचीच, बाईमाणसानं पळावं ते घराला आग लागली तर.

आता हसायची गोष्ट सांगते. ओटीत आलेल्या एका खणात तुझी चोळी होते, वर चिंधीही उरते. सगळ्या बायकांची होते. विणकराने खण विणतानाच बाईचं माप मनात धरलेलं असतं. मला मात्र दीड लागतो. आणि ओटीत दीड खण घालायची रीत काही अजून कुणी काढलेली नाही. त्यामुळे माझ्या झाडून सगळ्या चोळ्या दोन रंगांच्या. पुढचा भाग कुणाच्या लग्नातला हिरवा, तर पाठ कुणाच्या बारशातली जांभळी. पदराखाली झाकतं म्हणून लोकांना दिसत नाही, पण शिवणाऱ्या सोनूबाई शिंपिणीला दिसतं, आणि सोनूबाईला दिसलं ते अख्ख्या अंबडला दिसलं. 'दीडखणी' हे माझं नाव तिनेच पाडलं. हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी ओटी भरताना दुसरीला डोळा घालतेच. मीही हसते. हसले नाही तर जास्तच बोलतात, हे मी फार लवकर शिकले.

पण हसून दुखणं थोडंच जातं? जात्यावर बसले की खुंट्याच्या आणि माझ्यामध्ये मीच येते. म्हणून मी जात्याला आडवी बसते आणि एका हाताने दळते. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, कितीतरी वर्षं वाटत होतं की सून माजोरी आहे, थाटात एका हाताने दळते. खुरपायला वाकले की उठताना मानेपासून कमरेपर्यंत कळ. पालथं झोपणं काय असतं ते विसरले. उताणं झोपलं तर दम कोंडतो, म्हणून रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. आणि उन्हाळा आला की छातीखालची कातडी ओली राहून राहून सोलवटून निघते. लिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, तांदळाचं पीठ झालं, चाळलेली राख झाली, ह्यांच्या जुन्या धोतराच्या मऊ घड्या तर बारा महिने असतात. एका वैद्याने सांगितलं उपास कर. केले. एकादशी केली, सोमवार केला, शनिवार केला. गाल बसले, हात वाळले, आणि जे जायला हवं होतं ते जागचं हललं नाही. कुणी म्हणालं घट्ट पट्टा बांध. नणंदेच्या लग्नात बांधला, आणि अक्षता पडायच्या आत मीच पडले. चक्कर आली म्हटल्यावर सगळ्यांनी आपापला अर्थ काढला. आत्याबाईंनी तर साखरसुद्धा वाटली! पुढे दोन महिने मला काही बोलायची चोरी.

यंदाच्या वैशाखात मात्र त्या सोलवटलेल्या जागी जखम झाली आणि ताप भरला. हे जालन्याच्या मोंढ्यावर धान्य विकायला निघाले होते, मला गाडीत घातलं आणि मिशनच्या दवाखान्यात सोडलं. तिथली डॉक्टरीणबाई गोरी, उंच, केस पांढरे, आणि मराठी अशी बोलते की तुझ्या वडिलांनी उठून शाबासकी दिली असती. पुस्तकात असते तशी. मी जखमेचं सांगत होते, पदर सावरत, मान खाली घालून, रांगेतल्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात. तिने जखम पाहिली, मग पाठीवर हात फिरवला, खांदे पाहिले, आणि विचारलं, "हे ओझे आपण किती वर्षे वाहत आहात?" अरू, आजवर याला कुणी देवाचं देणं म्हटलं, कुणी शोभा म्हटलं, कुणी थट्टा केली. ओझं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्या बाकावर बसून अशी रडले, अशी रडले की ती बिचारी कावरीबावरी झाली. तिला वाटलं तिचा एखादा शब्द चुकला.

मग तिने सांगितलं त्या सर्जनचं. मागच्या मोठ्या लढाईत सोल्जर लोकांचे फाटलेले चेहरे शिवता शिवता तो ही विद्या शिकला म्हणे, आणि आता बायकांनाही करतो. कागदावर चित्र काढून दाखवलं, कुठे कापतात, काय काढतात, कुठे शिवतात. काही लपवलं नाही तिने. व्रण राहतील. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या होतीलच असं नाही. तिथली जाणीव कमी होईल. जखम चिघळू शकते, भूल देतात तिचा धोका वेगळाच. आणि पुढे मूल झालं तर अंगावर दूध येईलच असं नाही. म्हणाली, घाई करू नका, घरी बोला, मी हैदराबादला विचारून ठेवते. जखमेला मलम दिलं. मी बाहेर आले तेव्हा रस्त्यावर तेच ऊन, तीच धूळ, पण मी चालत होते की तरंगत होते कोण जाणे. उपाय आहे, एवढंच डोक्यात. करीन न करीन, पण उपाय आहे!

घरी बोला म्हणणं सोपं गं. गाडीत बसल्या बसल्या ह्यांना सांगितलं. हे अंबड येईस्तोवर बैलांशी बोलत होते, माझ्याशी नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "येडी हाय ती बाई. चांगल्या अंगावर कोनी सुरी चालवून घेतं का?" आत्याबाईंना कळलं तेव्हा तर विचारू नकोस. "लोकं देवापुढं पदर पसरून मागतात, अन् ही दिलेलं कमी कराया निघाली! उद्या लेकरू झालं मंग काय पाजशील त्याला, चहा?" हसू नकोस, मलाही तेव्हा हसू आलं नव्हतं. जेठ गेला, आखाड गेला. मी रोज कुठून तरी विषय काढायची आणि हे रोज उठून गोठ्यात जायचे. मधे मिशनचा माणूस बाजाराला आला होता, त्याच्याकडून निरोप मिळाला: दसऱ्यानंतर जागा आहे, पोळ्यापर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर पुढे कधी ते सांगता येत नाही. श्रावण लागला आणि मला वाटलं, झालं, आपली गाडी गेली. नागपंचमीला माहेरी गेले तर पोरी झाडाखाली फुगड्या घालत होत्या. मला कुणी बोलावलंही नाही. मी त्यांचे चपलाजोडे सांभाळत बसले.

आणि परवा काय झालं ते ऐक. परवा खांदमळणी होती. तू शहरातली झालीस, पण विसरली नसशील. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद घातलेल्या कोमट तुपाने मळायचे, वर्षभर जू वाहिलं म्हणून, आणि थोपटून सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. मी वाटी धरून उभी होते. हौशा म्हणजे आमचा थोरला बैल. त्याच्या खांद्यावरून हात फिरवता फिरवता हे थांबले. जू घासून तिथे वळ उठला होता. झालं! आमचा सालगडी मच्छिंद्र तिथेच होता, त्याच्यावर आभाळ कोसळलं. "जू बराबर बसलं न्हाई तं बैल बोलंल का तुला? मुकं जनावर हाय म्हून काय बी लादायचं व्हय रे? खांदा सुजून आलाय त्याचा! दिसत न्हाई का डोळ्यानं?" मच्छिंद्र मान खाली घालून वैरण आणायच्या निमित्ताने सटकला.

अरू, त्या वेळी माझ्या अंगात कोण संचारलं ते मला सांगता येणार नाही. मी वाटी खाली ठेवली, गोठ्याचं दार लोटून घेतलं, पदर काढला, चोळीचे खांदे खाली ओढले आणि ह्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. मी म्हणाले, "हौशा मुका हाय. म्या तं उन्हाळ्यापासून बोलून राह्यले." आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दोन लेकरं झाली, पण भरल्या घरात नवऱ्याने बायकोचे खांदे उजेडात पाहायचा प्रसंग येतो कधी? ह्यांनी ते परवा पहिल्यांदा पाहिले. चोळीचा काठ रुतून रुतून दोन्हीकडे बोट बसेल असे चर पडलेत, काळेकुट्ट. मला वाटलं, चिडून निघून गेले की काय. मग उजव्या खांद्याला कोमट तूप लागलं. तेच तूप, हौशाच्या वाटीतलं. आणि हे मळायला लागले. त्यांना एकाच तऱ्हेचं मळणं येतं, अंगठा दाबून, मानेपासून खाली. तसंच मळलं, आधी एक खांदा, मग दुसरा. मी डोळे मिटून उभी. आणि झाल्यावर ह्यांनी सवयीने खांद्यावर दोनदा थोपटलं आणि तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घे, उंद्या जेवाया ये!"

मला जे हसू फुटलं ते आवरेना, गोठ्याच्या खांबाला धरून हसले. हेही हसले, पण ह्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हौशाच्या आड जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "बैलाचा खांदा असा झाला असता तं म्या ते जू जाळून टाकलं असतं. तू सांगून राह्यली अन् म्या ऐकलं न्हाई." मग हौशाच्या मानेवरून हात फिरवत, "कळव त्या बाईला. येतो म्हनावं." मी दुधाचं विचारलं. म्हटलं, पुढे लेकरू झालं तर? हे म्हणाले, "दोन हायेत. रान बी कधी पडीक ठिवावं लागतं." आता मला सांग, यापेक्षा गोड बोलणं तुझ्या भालचंद्रपंतांनी तरी कधी तुझ्याशी केलंय का? कचेरीत कितीही कागद लिहोत!

आम्ही बाहेर आलो तर आत्याबाई ओसरीवर. माझे खांदे पिवळेधमक, ह्यांचे हात पिवळे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. "भुजंगा, बैलाचं तूप बायकूला चोळलं, आता बायकूचं लुगडं बैलाला नेसव," एवढं बोलून आत गेल्या. काल पोळ्याच्या जेवणावर ह्यांनी सरळ सांगून टाकलं की चतुराला हैदराबादला नेणार आहे. पुरणपोळी आत्याबाईंच्या घशात अडकते की काय असं मला झालं. जेवण झालं, बैल मिरवून आले, ओवाळून झाले, आणि मी भांडी घासत होते तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इचारलं लोकांनी तं पाठीचं औषध कराया गेली म्हनून सांगन म्या. खोटं बी न्हाई त्यात. अन् तिकडून मला लाखेच्या बांगड्या आन, मापाच्या आन, गेल्या टायमाला धाकट्या लेकीनं आनल्या त्या मनगटात शिरल्या न्हाईत." आणि आज सकाळी मी जात्याकडे गेले तर त्या आधीच बसलेल्या. दळत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "जा तिकडं. डोक्याशी बसू नको." नंदा, माझी थोरली, डोळे विस्फारून बघत होती. आजीला दळताना तिने जन्मात पाहिलेलं नाही.

मिशनला होकार काल पहाटेच धाडला. म्हणून आज हा सगळा आनंद. धाकट्या धर्मराजला मांडीवर घेऊन मी त्याला आगगाडीची शिट्टी वाजवून दाखवली. रात्री पालथं झोपायचं, हे पहिलं. जात्यासमोर सरळ बसून दोन्ही हातांनी दळायचं, हे दुसरं, आणि तेव्हा आत्याबाईंना मुद्दाम समोर बसवायचं. पुढच्या नागपंचमीला फुगडी घालायची, आणि ती अशी की पोरी मोजायच्या थांबतील. बाजारातून जाताना खांदे मागे टाकून चालायचं. डॉक्टरीणबाई म्हणाली होती की बरं व्हायला वेळ लागेल, लगेच काही उचलायचं नाही, हात वर करायचे नाहीत. लागू दे की! इतकी वर्षं थांबले, आणखी थोडे महिने काय. खर्चाची तू काळजी करू नकोस, ते हे पाहतील. आणि तुझ्या सासूबाईंच्या सोवळ्यालाही धक्का नाही. आम्ही धर्मशाळेत उतरू, ह्यांचा एक पाहुणा तिथे कामाला आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. नुसती बातमी तर कार्डावरही मावली असती. बायकांच्या वॉर्डात पुरुषमाणसाला राहू देत नाहीत. जवळची एक बाई हवी, असं डॉक्टरीणबाईने बजावून सांगितलंय. आत्याबाई लेकरांपाशी राहतील. तिथे सगळं उर्दूत नाहीतर इंग्रजीत, आणि माझं उर्दू बाजारातलं. पण अरू, ही झाली लोकांना सांगायची कारणं. खरं कारण असं की मला भीती वाटते. सुरीची नाही. शुद्धीवर येऊन डोळे उघडीन तेव्हा मीच मला ओळखीन का, याची वाटते. ह्यांनी मला कधी हलकी पाहिलेलं नाही. आत्याबाईंनी नाही, माझ्या लेकरांनी नाही. साऱ्या जगात फक्त तू पाहिलं आहेस. आणि म्हणून तुला एक सांगायला हवं. त्या दिवशी माझ्या पायात काटा मोडला नव्हता. मी पुढे होते, पारापाशी चार बाप्ये बसले होते, त्यातला एक माझ्याकडे बघून काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. तू मागे होतीस, तुला ऐकू आलं नाही. मी होते तिथे मटकन बसले आणि पाय धरला. तू चिंचेला हात लावून धावत परत आलीस, माझा पाय मांडीवर घेतलास आणि तो काटा शोधत बसलीस. सापडेना, तेव्हा तूच रडायला लागलीस, की फार खोल गेला गं. बरोबर म्हणालीस तू. त्यानंतर मी कधी पळाले नाही. तेव्हा हे आवतण समज आणि ये. माझ्या उशाशी बस. डोळे उघडीन तेव्हा मला तुझं तोंड दिसू दे, म्हणजे मी कोण ते मला आठवेल. येताना ओटीसाठी खण आण, हिरवा आण, आणि एकच आण. त्याची चोळी तूच बेत. आणि ती अंगात घालून मी बरी हिंडूफिरू लागले की तू केदारखेड्याला यायचंस. चिंच अजून उभी आहे, मी नागपंचमीला बघून आले आहे.

तुझीच,
कधीच काटा न मोडलेली,
चतुरा